मुद्दा क्रमांक तीन

आमच्या कॉलेजची मुलांची फुटबॉल टीम कधीच बंद पडली. मुलं क्रिकेटकडे गेली, काही मोबाइलकडे गेली, आणि उरली ती मुलींची टीम. तिला बघायला कोणी येत नव्हतं, म्हणून ती आम्ही दत्तक घेतली. आम्ही म्हणजे तिघे. मी बँकेतला. दुसरा माझा मित्र, ज्याच्या घराण्याचं शनिवार पेठेत तीन पिढ्यांचं चष्म्याचं दुकान आहे. तो आमच्या वेळचा गोलकीपर, आणि गोल खाल्ल्यावर बचावपटूंना ऐकवायचे शब्द त्याच्याइतके कोणाकडेच नव्हते. तिसरा पुण्याजवळच्या मांजरी गावचा. त्याच्या उसाच्या अर्ध्या रानात आता इमारती आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात तो अजून ऊस लावतो, सवय म्हणून. आम्ही तिघे तीस वर्षांपूर्वी याच मैदानावर एकत्र खेळलो आणि एकही स्पर्धा जिंकलो नाही. त्यामुळे सल्ला द्यायला आम्ही पूर्ण मोकळे होतो.

मैदानाच्या कडेला दगडी पायऱ्या आहेत. तिथे वरून तिसरी पायरी आमची. संध्याकाळी पाचला सराव सुरू झाला की आम्ही हजर.

या टीमची गोलकीपर माझी मुलगी होती. उंची पाच फूट एक इंच. गोलच्या दोन खांबांमध्ये उभी राहिली की मागची जाळीच जास्त दिसायची. पण समोरून येणाऱ्या खेळाडूच्या पायाशी झेपावायला ती कधी घाबरली नाही, आणि दोन वर्षं तिने तो गोल सांभाळला. लहानपणी ती माझ्या मित्राच्या दुकानात चष्म्याच्या रिकाम्या डब्या एका हाताने झेलत बसायची. तिचे पहिले ग्लोव्ह्ज त्यानेच आणून दिले. ते धुण्याचं खातं मात्र माझ्याकडे. कोमट पाणी, थोडासा साबण, तळवा अंगठ्याने हलके चोळायचा, पिळायचं अजिबात नाही, आणि सावलीत वाळवायचे. घरातल्या कुठल्याही कामात मी इतका नेमका नाही, असं बायको म्हणते. ते खरं आहे.

जूनमध्ये जुने सर निवृत्त झाले. त्यांची पद्धत सोपी होती, जी येईल ती खेळेल. त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. तिशीच्या, स्वतः राज्याकडून खेळलेल्या, आणि मुख्य म्हणजे कोल्हापूरच्या. झालं! तिथे पेठेपेठेत फुटबॉल. म्हणजे मॅडम तिकडच्या चार तयार पोरी स्पोर्ट्स कोट्यातून इकडे आणणार, हे आम्ही खुशीत ठरवून टाकलं. मॅडम तसं काही बोलल्या नव्हत्या. पण आमचा तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर तिघेच असूनही अफवा पसरते. मॅडमनी सहा नवे बॉल मागवले तर आम्ही म्हटलं, कोणासाठी मागवले असतील? त्या दोन दिवस सुट्टीवर गेल्या तर आम्ही म्हटलं, पोरी आणायलाच गेल्या.

एका सकाळी मांजरीचा मित्र तर थेट स्वारगेटला जाऊन उभा राहिला. कोल्हापूरच्या गाडीतून ट्रॅकसूट घातलेल्या पाच उंच मुली उतरल्या. त्याने लांबून फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आल्या!" मी बँकेत काउंटरवर बसून तो फोटो मोठा करून पाहिला. मग त्याने जवळ जाऊन विचारलं, "कुठल्या कॉलेजात निघालाय गं पोरींनो?" त्या कुस्तीगीर होत्या आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात निघाल्या होत्या. त्याने त्यांना चहा पाजला आणि फोटो डिलीट केला.

जुलै उजाडला तरी कोणी येईना. आम्ही अस्वस्थ झालो. पुण्यात माणूस अस्वस्थ झाला की निवेदन देतो. मजकूर माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला ते माहीत आहे. "माजी खेळाडूंचे निवेदन" असं वर लिहून मी मुद्दे घातले. पहिला, सराव आठवड्यातून सहा दिवस व्हावा. दुसरा, आघाडीच्या फळीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतील गुणी खेळाडूंचा विचार व्हावा. मग मी थांबलो. गेल्या वर्षी उपांत्यपूर्व सामन्यात आम्ही हरलो तो गोल माझ्या मुलीच्या डोक्यावरून गेला होता. उडी मारूनही तिचा हात पोचला नव्हता. त्याबद्दल दोघे मित्र वर्षभर माझ्यासमोर चकार शब्द बोलले नव्हते, आणि नेमकं तेच मला टोचत होतं. माझी मुलगी आहे म्हणून मी गप्प बसतो, असं कोणी म्हणायला नको. मी तिसरा मुद्दा लिहिला: "गोलरक्षक पदासाठी अधिक उंचीच्या खेळाडूचा शोध घेण्यात यावा."

चष्मेवाल्या मित्राने दुकानात काचेच्या काउंटरवर कागद ठेवून तो वाचला. स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिसरा मुद्दा काढ."

"का? चूक आहे का?"

"चूक नाही. पोरगी तुझी आहे."

"म्हणूनच लिहिलाय. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"शेवटचं वर्ष आहे तिचं. पुढे नोकरी लागली की कुठली टीम आणि कुठला गोल?"

"टीम मोठी की माझी मुलगी?"

हे वाक्य बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. त्याने पेन घेतलं, सही केली, आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं: "मुद्दा क्र. १ व २ पुरते मान्य." मांजरीच्या मित्राने न वाचता सही ठोकली. त्याला कागदापेक्षा कोल्हापूरच्या पोरींत रस होता.

मी निवेदन मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मुलींच्या खोलीतल्या बोर्डावर लावलं.

मुलगी घरी आली, पायातले बूट काढले आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय, बाबा."

एवढंच. त्यानंतर तिने आदळआपट केली नाही, जेवण टाकलं नाही, ती रडलीही नाही. फक्त मला अहो-जाहो करायला लागली. जन्मापासून मला अरे-तुरे करणारी मुलगी ताटावर बसून विचारायची, "आपण भाजी घेणार का?" बायकोने निवेदनाची हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाली, "तिची उंची कोणाकडून आली, तेही लिहायचं होतं. चौथा मुद्दा झाला असता." मी पाच फूट तीन इंच आहे.

चार दिवसांत मी ढेपाळलो. अर्धी रजा टाकली आणि मॅडमना गाठलं. म्हटलं, तिसरा मुद्दा मागे घेतो, लेखी देऊ का?

"काका, तुमच्या कागदानं काय होत न्हाई," मॅडम बॉलमध्ये हवा भरत म्हणाल्या. "उंच कीपर मी आधीच बघून ठेवलीय. सोमवारपासून येणार हाय ती."

"कोल्हापूरची?"

"मांजरीची. शाळेत व्हॉलीबॉल खेळायची. यंदा पहिल्या वर्षाला इथंच ॲडमिशन घेतलंय, कुणाचं लक्षच नव्हतं."

मी गार पडलो. तरी विचारलं, "मग तो कागद बोर्डावर कशाला लावलात?"

"पोरी म्हणत होत्या, आमची मॅच बघायला कोण येत न्हाई. म्हटलं, हे बघा. तीन माणसं रोज येतात, वर कागदपण लिहितात." त्यांनी पंप बाजूला ठेवला. "आडनाव बघितलं होतं की मी. पण म्हटलं, बापानंच लिहिलंय म्हणजे घरात बोलणं झालं असणार."

मैदानावरून घरापर्यंत मी चालत आलो. बस समोर उभी होती तरी चालत आलो. घरात बोलणं झालं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात झालं होतं, व्हॉट्सॲपवर झालं होतं, बँकेत जेवणाच्या सुट्टीतही झालं होतं. जिच्याबद्दल लिहिलं ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत बसलेली होती, आणि तिला एक शब्द विचारावा असं मला सुचलंच नाही. मला स्वतःचा मनापासून राग आला.

सोमवारी नवी मुलगी आली. पाच फूट आठ तरी असावी. सलवार-कमीजवर सॅक अडकवून बसमधून उतरली, तेव्हा मांजरीचा मित्र पायरीवरून ओरडलाच, "आरं, ही तर आमच्या आळीतली हाय!" कोल्हापूरच्या गाड्यांना जाऊन उभा राहणाऱ्या माणसाच्या घरामागे आमची गोलकीपर राहत होती. दहा दिवसांत मॅडमनी टीम जाहीर केली. गोलमध्ये नवी मुलगी. माझी मुलगी राखीव. घरी येऊन तिने ते आम्हाला अशा आवाजात सांगितलं, जसं उद्या पाणी उशिरा येणार आहे. काय बोलावं कळेना, म्हणून मी बोललो नाही, आणि हीच माझी दुसरी चूक.

पहिला सामना ऑगस्टमध्ये घरच्याच मैदानावर झाला. समोरची टीम गेल्या वर्षीचीच, जिच्याकडून आम्ही हरलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एका गोलने पुढे होतो. आणि मग त्यांच्या मुलीने लांबून बॉल मारला, अगदी तसाच, उंच, वरच्या दांडीखाली उतरणारा. नव्या मुलीने हात वर केला आणि झाडावरचा आंबा काढावा तसा तो काढून घेतला.

दोघे मित्र उभे राहून नाचायला लागले. मी बसूनच राहिलो. मी जे लेखी मागितलं होतं ते माझ्यासमोर घडलं होतं, आणि मला ते नको होतं. कागदावर लिहिलेलं सगळं खरं ठरलं म्हणून मला रडू येत होतं. चष्मेवाला खाली बसला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. पुण्यात राहून हे जमणं सोपं नाही.

मी राखीव मुलींच्या बाकाकडे पाहिलं. माझी मुलगी बाकावर नव्हती. ती रेषेला चिकटून उभी होती आणि घसा फोडून नव्या मुलीला सांगत होती, "पुढे ये! खांब सोड! आता लगेच टाक डावीकडे!" नवी मुलगी ऐकत होती. दोन आठवडे सरावानंतर माझी मुलगी तासभर थांबून तिला पायाशी झेपावायला शिकवत होती, हे मला त्या दिवशी मॅडमकडून कळलं. घरी उशीर का झाला विचारलं की ती फक्त "ट्रॅफिक" म्हणायची.

सामना आम्ही एक-शून्यने जिंकला. मांजरीच्या मित्राने सगळ्या मुलींना उसाचा रस पाजला.

घरी आल्यावर मी बाल्कनीत स्टुलावर बसलो होतो. मुलगी आली आणि तिने माझ्यासमोरच्या बादलीत ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या टाकल्या. एक मातीने लडबडलेली, मोठी. दुसरी तिची स्वतःची.

"हे तिचे. घरी मशीनमध्ये टाकतात, फाटतील. धुशील ना?"

मी मान हलवली. मी नव्या मुलीचे ग्लोव्ह्ज धुतले, मग हिचे घेतले. त्यांना धुण्यासारखं काही नव्हतं. वॉर्मअपला घातले होते तेवढेच. तरी मी दोन्ही तळवे अंगठ्याने चोळत राहिलो.

"बाबा, ते स्वच्छ आहेत," ती दाराला टेकून म्हणाली.

"असू देत."

"तुला एक विचारू? खरं सांगायचं. माझे बाबा म्हणून नाही, पायरीवरचा माणूस म्हणून. मी बरी होते का?"

"मी पाहिलेली आपल्या कॉलेजची सगळ्यांत चांगली गोलकीपर तू. तुझ्या चष्मेवाल्या काकाला सांगू नकोस."

ती हसली. पंचवीस दिवसांनी हसली.

"चुकलो मी," मी म्हणालो. "तो मुद्दा लिहायलाच नको होता."

"लिहायला हवाच होता. बरोबर होता तो." ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि बादलीतून स्वतःचा एक ग्लोव्ह उचलून त्यातलं पाणी निथळू दिलं. "गेल्या वर्षी तो गोल खाल्ला तेव्हापासून मला माहीत होतं. मला नुसतं विचारलं असतंस ना, तर खाली मीपण सही केली असती."