दुसऱ्यांच्या मोर्चात माझी शिट्टी

परदेशातल्या एका शहरात, ज्या मोर्चाशी माझा काडीचा संबंध नव्हता, त्या मोर्चात मी पोलिसी शिट्टी वाजवली. पोलिसातल्या नोकरीत ढीगभर गुन्ह्यांचा तपास केला, पण मनातून जात नाही ती हीच केस. कारण हिच्यात आरोपी मी होतो.

शहराचं नाव सांगत नाही. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच परदेशी गेलो होतो. शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याने मोडक्या इंग्रजीत बजावलं, "आज चौकात मोर्चा आहे. तिकडे जाऊ नका." विमान संध्याकाळचं. शहाणा माणूस खोलीत बसला असता. मी म्हटलं, "बघू तरी, यांचा बंदोबस्त कसा असतो." उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडचे मोर्चे सांभाळलेला मी. मला कोण शिकवणार?

"अहो, फिरायला आलोय आपण. ड्युटीवर नाही," बायको म्हणाली. तोवर मी जिना उतरलो होतो. तीही मागोमाग आली.

चौकात गर्दी बॅरिकेडवर रेटत होती. पोलिसांनी ढाली पुढे केल्या, तशी बायको मुकाट्याने बाजूच्या दुकानात शिरली. मला मात्र दिसलं, की पुढच्या रांगेत एक म्हातारी खाली पडलीय आणि मागचे रेटतच आहेत. माझी जुनी शिट्टी किल्ल्यांच्या जुडग्यात कायम असते. दोन लांब शिट्ट्या मारल्या, हात आडवे केले आणि ओरडलो, "ए, मागे! मागे सरका!" चक्क मराठीत. आणि गर्दी सरकली की! म्हातारी उठली. मी मिशीवरून हात फिरवतोय, तोच दोघा पोलिसांनी मला उचलून गाडीत घातलं.

तिथले मोर्चेवाले शिट्टीच्या इशाऱ्यावर हलत, हे मला नंतर कळलं. शिट्टीवाला परका म्हाताराच यांचा म्होरक्या, अशी पक्की बातमी कुणीतरी पोलिसांना दिली होती. नोकरीत माझे खबरीही मला अशाच पक्क्या बातम्या द्यायचे.

पोलीस ठाण्यात पासपोर्ट, मोबाइल आणि शिट्टी जमा. समोरचा तरुण अधिकारी काही विचारेना, नुसता बघत बसला. हा डाव मी जन्मभर खेळलोय. आपण गप्प राहिलो की समोरचा आपोआप बोलतो. सगळं ठाऊक असून पाचव्या मिनिटाला मी नातवंडांच्या नावांसकट सगळं ओकलो.

मग त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजीत म्हणाला, "सही करा. विमान मिळेल." कागद त्यांच्या लिपीत. एक अक्षर लागेना.

तेव्हा मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या पोलीस ठाण्यातलं माझं टेबल आठवलं. आपल्याकडे जबाबाखाली ठरलेली ओळ असते, 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खरंच वाचून दाखवला असे किती? "कर रे सही, घरी जायचंय ना?" हे वाक्य माझंच.

मी पेन परत सरकवलं. त्याने आवाज चढवला, मीही चढवला. "शिट्टी वाजवली. परत वाजवीन. पण जे वाचता येत नाही, त्याखाली माझी सही नाही. विमान गेलं तर गेलं!" कोठडी दाखवली, तरी दोन तास मी पेनाला हात लावला नाही.

तेवढ्यात बायको आली, सोबत दुकानदार. तो सिंधी निघाला, मावशी उल्हासनगरची. त्याने अर्धं शटर ओढून बायकोला आत बसवलं होतं. तिच्या पर्समध्ये पासपोर्टची झेरॉक्स, तिकिटं, हॉटेलचं कार्ड, सगळं होतं. माझ्याकडे एक शिट्टी, तीही जमा. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण दुकानदाराने मोबाइलवर आणलं होतं. त्यात म्हातारी पडताना दिसत होती आणि मी गर्दी मागे हटवताना स्वच्छ दिसत होतो.

"साईं, अच्छा हुआ साइन नहीं किया," कागद वाचून दुकानदार म्हणाला. "इसमें लिखा है, मोर्चा आपने चलाया."

अधिकाऱ्याने चित्रण दोनदा पाहिलं आणि जबाब नव्याने लिहिला. दुकानदाराने ओळ न् ओळ हिंदीत सांगितली, मगच मी सही केली. विमान मिळालं. शिट्टी मात्र तिथेच जप्त आहे.

सही न केल्याचा मला आजही अभिमान आहे. आमच्या टेबलावर ज्यांना न वाचता सही करावी लागली, त्यांच्यापुढे मात्र मान खाली जाते. त्यांच्यासाठी कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं.

परवा बदलापूरला, कात्रप भागातल्या आमच्या सोसायटीने मला परदेशात सुरक्षित कसं राहावं यावर बोलायला बोलावलं. मी मुद्दे काढत बसलो होतो. बायको भाजी निवडत म्हणाली, "एवढं लिहून काय करताय? सांगा त्यांना, हा माणूस जिकडे निघेल, त्याच्या उलट दिशेला चाला."