ओफेलियाबाई परत वाचतात

ओफेलिया बेंतांकोर ही बाई कुणाच्या वाट्याला येऊ नये. माझ्या आली.

उरुग्वेच्या राजधानीत, मोन्तेविदेओच्या ला उनिओन भागात आम्ही पाच जण मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. फुकट वाटतो, तिचा कोडही सगळ्यांना खुला. त्यात यूएसबीवरून झपाट्याने डेटा हलवणारा भाग माझा. आठ महिने हाडं झिजवून लिहिलाय. शुक्रवारी नवी आवृत्ती निघायची होती, आणि बाईंनी तपासून ‘ठीक’ लिहिल्याशिवाय आत काही जात नाही असा नियम. नियम मीच केलेला. घ्या!

बाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कुणी नंबर सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा, मगच जोडायचा. ती खोड अजून गेलेली नाही. काखेत थर्मास, हातात माते नावाचा कडू, चहासारखा काढा घेऊन येतात आणि लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर चाळीस जीबी कॉपी करतात. वेगाकडे ढुंकून बघत नाहीत! डिस्क काढतात, परत लावतात आणि सगळं परत वाचून मूळ फायलींशी ताडून बघतात. दीड तास. मग दुसरी केबल, पुन्हा दीड तास. मी केस उपटत बसतो.

शिवाय फायली कसल्या, तर कार्निवलमध्ये गाणाऱ्या त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या, आरालदोच्या, तालमींची रेकॉर्डिंग.

“अहो, फालतू काहीतरी घ्या की!”

“फालतू तपासताना डोळा लागतो रे वाल्तेर. आरालदोचा आवाज असला की नाही लागत.”

गुरुवारी तिसऱ्या फेरीत एक बाइट वेगळा निघाला.

“केबल भिकार असेल तुमची!”

“केबल तुझीच आहे.”

केबल बदलली. दोन फेऱ्या साफ गेल्या, तिसरीत परत एक बाइट. कपाळ माझं!

“बाई, चाळीस अब्जांत एक! गाण्यात ऐकू तरी येतो का?”

त्यांनी हेडफोन लावून ती तालीम पूर्ण ऐकली. “नाही येत.”

“मग कशाला राईचा पर्वत करताय? उद्या आवृत्ती निघतेय!”

बाईंनी मातेचा घोट घेतला. “बरं. तुझ्या मिकाएलाचे लहानपणचे फोटो याच लॅपटॉपवर आहेत ना? ते या डिस्कवर हलव आणि मूळचे पुसून टाक. मी लगेच ‘ठीक’ लिहिते.”

माझी लेक मिकाएला स्पेनला, विगोला गेली त्याला सहा वर्षं झाली. फोटोंची दुसरी प्रत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक.

मी इरेला पेटून फोल्डर उचलला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळे फोटो डिस्कवर. असा वेग! मग पडद्यावर प्रश्न आला: ‘मूळ फायली पुसू का?’ हा प्रश्नही मीच लिहिलेला.

वरच्याच फोटोत ती शाळेच्या पहिल्या दिवशी उभी होती. पांढरा डगला, गळ्यात भलामोठा निळा बो, पुढचे दोन दात पडलेले. कोड माझा, बोट माझं, आणि बटण काही दाबवेना. बाई निवांत थर्मासमधलं गरम पाणी मातेत ओतत बसल्या. त्याचाच जास्त राग आला.

मी ‘नको’ दाबलं.

“कुठला बाइट होता तो?” मी खेकसलो.

“ये,” म्हणत बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. “दाखवते.”

शुक्रवारी आवृत्ती निघाली, माझ्या आठ महिन्यांशिवाय.