पाठवणीच्या गाण्याचा वेग

अंबरनाथ पूर्वेच्या सभागृहात परवा गाण्याआधी हिराबाईंनी पंखे बंद करायला सांगितले, आणि ऐकायला बसलेला मी मनाने थेट उल्हासनगरच्या त्या कोंदट खोलीत जाऊन पोचलो.

तिथे कित्येक वर्षांपूर्वी आमच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग चाललं होतं. आवाज येतो म्हणून पंखा बंद होता आणि माझ्या बोटांखाली बेंजोची बटणं घामाने निसरडी झाली होती. मोरिवली गावच्या लग्नांत गाणाऱ्या हिराबाई पाठवणीचं गाणं म्हणत होत्या आणि मी ते पळवत होतो.

"मास्तर, हलू वाजवा. पोरीला धाडताना कोन नाचतं का?"

"कॅसेट खपायला नको का, बाई? वरातीत वाजली पाहिजे."

त्या माझ्या वेगाने गायल्या. गाणं घरोघरी वाजलं. पण गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हिरीने पाठवणीचा तमाशा केला, आणि लग्नांत त्यांना बोलावणं थांबलं. तो वेग माझा होता, हे मी कधीच बोललो नाही. आज लिहितो आहे.

परवा ना बेंजो होता, ना ढोलकी. नुसती एक पेटी सूर धरून होती. सवयीने नाचायला उठलेले लोक पहिल्याच ओळीला होते तिथे उभे राहिले. इतकी वर्षं मी वाजवलेल्या त्या गाण्यात एक आई दारात उभी होती, ती मला परवा दिसली.

ओळ संपवून हिराबाई थांबल्या. त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या मोरिवलीच्या म्हाताऱ्या बायांनी, लग्नघरात धरतात तशी, ती ओळ धरली.