इराणी चहा आणि मीनलचा दात

मीनलच्या दाताची नोंद माझ्या यादीत पहिल्याच क्रमांकावर होती, हे आधीच सांगून ठेवते. नंतर लोक काहीही बोलतात.

मीनल, जयू आणि मी घाटकोपरला एकाच सोसायटीत राहतो. वीस वर्षं आम्ही सकाळी एकत्र फिरायला जातो आणि चालतो त्याच्या दुप्पट बोलतो. मीनलच्या लेकीचा साखरपुडा रविवारी होता. त्या तयारीत मीनलची झोप उडालेली, आणि त्यातच गुरुवारी तिचा पुढचा दात तुटला! डॉक्टरांनी त्यावर तात्पुरती कॅप बसवली आणि बजावलं, "पक्की पुढच्या आठवड्यात. तोवर कडक काही चावायचं नाही."

मीनल रडकुंडीला आली. तेव्हा मी ठरवलं, शनिवारी दुपारी हिला दोन तास घराबाहेर काढायचं. मेट्रोने थेट अंधेरी. तिथे एका गल्लीत पाच टेबलांचं छोटंसं इराणी हॉटेल होतं आणि ते माझ्या 'एकदा खाऊन बघणे' या यादीत वर्षभर पडून होतं.

"अगं, उद्या साखरपुडा आणि आज इराण?" मीनल म्हणाली.

"यादीत आहे," मी म्हटलं. (आमच्यात यापुढे वाद होत नाही.)

त्या दिवसाची वेगळी यादी होतीच. एक, मीनलला कडक नको. दोन, मीनलचा शनिवार, त्यामुळे मटण-चिकन नको. तीन, जयूला सगळं चालतं, तिला आवरणे.

हॉटेल चालवणाऱ्या शिरीनबाई सत्तरीच्या, गोऱ्यापान, डोक्याला रुमाल बांधलेल्या. मी घरून तयारी करून आले होते. एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात मी इंग्रजीत सुरू केलं, "वुई... आर... कमिंग... फर्स्ट... टाइम!"

"बसा ना ताई," त्या म्हणाल्या. "पंखा लावू का? आणि जरा हळू बोला, मला ऐकू येतं. जन्म माझगावचा आहे माझा."

जयू मेनूकार्डाच्या मागे गडप झाली. कार्ड हलत होतं.

मीनलसाठी वांग्याचा एक पदार्थ मागवला. मऊ, शाकाहारी, दोन्ही अटींत बसणारा. तो आला. वांगं भाजून, ठेचून, वर लसूण. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"ह्यां भरीत असा," जयू म्हणाली. (ती मालवणची. सत्य सांगायचं असलं की मालवणीत सांगते.) "भरीतच खावचा होता तर माझ्याकडे येवचा होता मां!"

मग भात आला. भांड्याच्या तळाशी लागलेला खरपूस, कुरकुरीत थर इराणी लोक पाहुण्याला मानाने वाढतात. उद्या मीनलच्या मुलीचा साखरपुडा आहे हे कळल्यावर शिरीनबाईंनी सगळ्यात मोठा तुकडा तिच्या पानात ठेवला.

"कडक!" मी ओरडले आणि तो उचलून माझ्या पानात घेतला. नानच्या कडा काढून तिला मधला भाग दिला. पुलावातले बदामही वेचून काढले.

"आता भरवतेस का मला?" मीनलने विचारलं.

पण बरं का, ती हसायला लागली होती. पोरीच्या साडीचा रंग, भटजी, फुलवाला, सगळं विसरून दोन घास जास्त जेवली. मला धन्य वाटलं. तिथेच उठायला हवं होतं.

पण यादीत चहा राहिला होता.

इराणी पद्धत मी नेटवर नीट वाचली होती. चहात साखर घालायची नाही. साखरेचा खडा पुढच्या दातांत धरायचा आणि त्यावरून कोरा चहा ओढायचा. शिरीनबाईंनी वाडगाभर खडे आणून ठेवले. हाताने फोडलेले, वेडेवाकडे, पांढरेशुभ्र.

"मीनल, धर. दाढेत नाही, पुढच्या दातांत!"

"कडक आहे गं."

"साखर आहे ती! साखर कधी कडक असते का? आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी साखरेला नाही म्हणू नये."

मीनलने खडा धरला आणि चहा ओढला. आवाज असा झाला, की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वळून बघायला लागले. जयू खिदळली. तिला बघून मीनल खिदळली, हसता हसता तिने टेबलावर थाप मारली, वाडगा कलंडला आणि खडे आमच्या बशांतून, चमच्यांतून, जमिनीवर पसरले.

मीनल हसायची थांबली, तेव्हा तिच्या तोंडात मधोमध एक काळी खिडकी होती.

"थुनीता," ती म्हणाली, "माझी कॅप!"

मी ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला. "तीच कॅप चारच्या आत आणलीत तर पाच मिनिटांत चिकटवतो," ते म्हणाले. "नाही तर सोमवारी."

अडीच वाजले होते. उद्या सकाळी व्याही येणार, फोटो निघणार, आणि मुलीची आई तोंडाला पदर लावून बसणार! मीनलचे डोळे भरून आले.

अशा वेळी घाबरून चालत नाही. "कोणी हलायचं नाही!" मी म्हटलं. टेबल मीनलकडे, जमीन जयूकडे, देखरेख माझ्याकडे. चष्मा डोक्यावर सरकवला आणि जरा जोर यावा म्हणून माझ्या बशीतला एक लहानसा खडा गालात टाकला.

"कशी दिसते ती?" जयूने टेबलाखालून विचारलं.

"पांढरी, छोटी, वेडीवाकडी."

"अगं बाय, सगळेच तसे आहेत!"

तेव्हा मला ती कल्पना सुचली. साखर विरघळते, दात विरघळत नाही! सगळे खडे गोळा करून पातेल्यात टाकले. शिरीनबाईंनी उकळतं पाणी ओतलं. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या बशीतलाही खडा आणून दिला. (खाताना संशय यायला लागला होता म्हणे.) ढवळलं, गाळलं.

गाळणीत काहीही नव्हतं.

"थगळं थंपलं," मीनल म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी मात्र विचारात पडले. "शिरीनबाई, तुमच्या या साखरेत भेसळ दिसते. एवढी पटकन विरघळली! मघाचा हा माझा खडा बघा, पंधरा मिनिटं झाली, जस्साच्या तस्सा आहे. याला म्हणतात अस्सल!"

 तिघी माझ्याकडे बघत होत्या. शेजारचे गृहस्थसुद्धा.

"ताई," शिरीनबाई हळूच म्हणाल्या, "तोंड उघडा."

मी उघडलं.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. शिरीनबाईंनी कॅप उकळत्या पाण्यात तीनदा धुतली आणि वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत घालून दिली. जयू मेट्रोत अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत एकच प्रश्न विचारत होती, "चव कशी होती गं?" डॉक्टरांनी विचारलं, "सापडली कुठे?" मी "टेबलावर" म्हणायच्या आत दोघींनी एका सुरात उत्तर दिलं.

रविवारी मीनल प्रत्येक फोटोत बत्तीशी दाखवून हसली. विहीणबाईंशी ओळख करून देताना म्हणाली, "ही सुनीता. माझ्या दाताला हिने फार जपलं."

"अगदी तोंडात ठेवून!" जयू म्हणाली.

विहीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी आपल्यापुढे आलेला चहाचा ट्रे माझ्याकडे सरकवला. "साखर किती घालू?"

"कितीही घाला," मी म्हटलं. "फक्त विरघळेपर्यंत ढवळा."