ते दिवे शालनने केले

शालन गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवरून कळलं. मेसेज असा होता : 'कालकथित दिनकरराव यांच्या पत्नी व आपल्या बॅचच्या शालनताई यांचे ठाकुर्ली येथे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी ओट्याशी गवार मोडत उभी होते. रडू यायच्या आधी मला राग आला. अहो, बाई गेली त्या दिवशी तरी तिची ओळख तिच्यापासून सुरू करा! आठवीपासून आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हा कुठे होते दिनकरराव? आणि त्यांना जाऊनही आता आठ वर्षं झाली... या गोष्टीला दीड महिना उलटला, पण माझा राग काही उतरलेला नाही. तो नुसता ग्रुपवरच्या मंडळींवर असता, तर मी एक खरमरीत उत्तर टाकून मोकळी झाले असते. तो बराचसा माझ्यावर आहे, म्हणून हा लेख.

आमची शाळा ठाण्याच्या नौपाड्यातली. नववीत प्रयोगाच्या तासाला सरांनी मांडलेलं विजेचं सर्किट काही केल्या चालेना. सर घामाघूम. शालन उठली, दोन तारा सोडवल्या, एक टोक ब्लेडच्या कडेने खरवडलं, पुन्हा जोडलं आणि बल्ब लागला. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, मुलीची जात किती टापटीप असते!" टापटीप! मुलीला वीज कळते असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. मी बाकाखाली तिचा हात दाबला, तर ही आपली हसतेय. पुढे आयुष्यभर ती अशीच हसत राहिली आणि मी चिडत राहिले. आमच्या मैत्रीत कामं अशी वाटलेली होती.

लग्न होऊन ती ठाकुर्लीला गेली. दिनकररावांचं ठाण्यात खोपटला, एसटी स्टँडच्या जवळच्या गल्लीत, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. रिक्षा, टेम्पो, ट्रक, सगळ्यांचे दिवे आणि हॉर्न. ती दुपारचा डबा घेऊन जायची, मग हळूहळू डबा देऊन थांबायला लागली, मग डबा तिथे बसूनच खाल्ला जायला लागला. सोल्डरिंग ती त्यांच्याकडेच शिकली, हे मी कबूल करते. दिनकरराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला हा लेख लिहायला फार सोपा गेला असता. चाळिशी उलटल्यावर त्यांना काचबिंदू झाला. आधी बारीक तारा दिसेनाशा झाल्या, मग माणसांचे चेहरे. त्यानंतर ते काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, चहा मागवायचे, आणि मागच्या अर्ध्या भागात, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे, शालन काम करायची. गिऱ्हाईक वस्तू त्यांच्या हातात देणार, दुरुस्त वस्तू त्यांच्याच हातून घेणार. मधल्या वेळात वस्तू पार्टिशनपलीकडे कशी जाऊन येते, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

ते दिवे म्हणजे हातात धरायचे जुने हॅलोजनचे सर्चलाइट. पातेल्याच्या झाकणाएवढं तोंड, खाली मूठ, जाड काच. खाडीतल्या होडीवाल्यांकडे असायचे, पुरात माणसं काढायला जाणाऱ्या पोरांच्या मंडळांकडे असायचे. हॅलोजन बॅटरी पिऊन टाकतो, तासाभरात दिवा हातात धरवत नाही इतका तापतो, आणि त्याचे बल्ब मिळेनासे झाले. बाजारात नवे चकचकीत दिवे आले होते, पण ते पहिल्या पावसात पाणी प्यायचे. तेव्हा जुन्या मजबूत सांगाड्यात एलईडी बसवायचा, असं शालनने मनावर घेतलं. ऐकायला सोपं वाटतं. बल्ब काढला, एलईडी चिकटवला, झालं... असं करून देणारे खूप होते, आणि त्यांचे दिवे समोरच्या माणसाचे डोळे दिपवायचे, पण लांब काही पोचायचं नाही. शालन सांगायची, "मंगल, उजेड पसरवायला अक्कल लागत नाही. मला तो पलीकडच्या काठावर नेऊन ठेवायचाय." हॅलोजनची ती बारीक तार जिथे असायची, बरोबर तिथेच एलईडीचा ठिपका यायला हवा, केसभर पुढेमागे झाला की झोत फाटतो. त्यासाठी ती पातळ वॉशर एकेक करून घालायची आणि काढायची. भर दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायची, समोरच्या भिंतीवर झोत टाकायची, आणि गोल बघत मान हलवायची. पुन्हा एक वॉशर. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला साठते, म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनिअमचा ठोकळा. पांढराफेक एलईडी ती घ्यायचीच नाही, कारण पावसाच्या धारांवर आपटून तो उजेड आपल्याच तोंडावर येतो. थोडा पिवळसर घ्यायची.

आणि एक गोष्ट तर मला अजून आठवते. होडीवाले दिव्याच्या वायरीचे चिमटे होडीच्या बॅटरीला लावतात. हॅलोजनला उलटसुलट काही फरक पडत नाही, एलईडी मात्र उलटा जोडला तर पेटत नाही. तिने प्रत्येक दिव्यात चार डायोड असे जोडले, की चिमटे कसेही लावा, दिवा लागणार. मी म्हटलं, "अगं, लाल-काळी खूण करून दे ना, कशाला एवढा खटाटोप?" तर म्हणाली, "पाण्यात माणूस ओरडतोय आणि हा लाल-काळं बघत बसेल? घाईत उलटं लागणारच. दिव्याने समजून घ्यायला पाहिजे."

या दिव्यांसाठी एका वर्षी सत्कार झाला. कोणाचा? दिनकररावांचा. शाल, श्रीफळ, भाषणं. शालन तिसऱ्या रांगेत, मांडीवर त्यांची औषधांची पिशवी. मी शेजारी बसून धुमसत होते. "उठ आणि सांग," मी कुजबुजले. ती माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "गप बस गं. कितीतरी दिवसांनी ते ताठ बसलेत." मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक होती, पण मोठी नव्हती. मोठी पुढे सांगते.

ठाकुर्लीच्या हॉलमध्ये तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. शालनताई किती सोशिक, शालनताई किती हसतमुख, शालनताईंच्या हातचं सुकट किती चविष्ट... मी मुठी आवळून ऐकत होते. मग दुकानाच्या गल्लीतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "दिनकररावांनी जे दिवे घडवले, त्यामागे या माउलीची भक्कम साथ होती." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले. शोकसभेत असं करू नये हे मला कळतं, मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, पण उभी राहिले आणि विचारलं, "दिनकररावांना जाऊन आठ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्याआधी खाडीवर जे दिवे गेले, ते कोणी केले?"

मग सगळ्यांच्या माना कुठे वळाव्यात? तिच्या मुलाकडे! प्रशांत बँकेत आहे, अतिशय सरळ मुलगा. तो बिचारा लालबुंद होऊन उठला. "माझ्याकडे काय बघताय? मला घरातला फ्यूज बदलता येत नाही. सगळं आई करायची. बाबांचे डोळे गेल्यापासून तिनेच केलंय सगळं." एवढं बोलून तो खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, झालं, निकाल लागला. पण ते गृहस्थ शांतपणे मोबाइल काढून म्हणाले, "ताई, तुमच्या भावना समजतात. पण हे छापून आलेलं आहे. आणि लिहिणारी कोणी ऐरीगैरी नाही, नौपाड्यातली शिक्षिका आहे." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली : "दृष्टी हरपली, तरी दिनकररावांच्या बोटांना उजेड दिसतो..."

मी खाली बसले. ते वाक्य माझं होतं.

हो, तो लेख मी लिहिला होता, एका पुरवणीत, सत्कारानंतर दोनेक महिन्यांनी. मी लिहिणार आहे म्हटल्यावर शालन म्हणाली होती, "त्यांचं नाव घाल. खूप खचलेत ते. माझं काय, मी करतेच आहे." तिने सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं, ही पळवाट मी इतकी वर्षं वापरली. खरं म्हणजे मला ती गोष्टच आवडली होती. आंधळा कारागीर आणि उजेड! वाक्यं कशी भराभर सुचली. पार्टिशनपलीकडच्या बाईला मी 'सावलीसारखी साथ देणारी सहचारिणी' करून टाकलं आणि वर लोकांवर चिडायला मोकळी झाले. नववीतल्या सरांनी तिला निदान टापटीप तरी म्हटलं होतं.

त्याहून वाईट पुढे आहे. दिनकरराव गेल्यावर वर्षभराने शालन माझ्याकडे डोंबिवलीला आली होती. निघताना चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगल, आता एकदा खरं लिहिशील का? आता त्यांना लागणार नाही." आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मी म्हणाले, "लिहू की गं, पळून चाललंय का?" मग माझी निवृत्ती, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग आणखी काही. तिने पुन्हा विचारलं नाही. ती विचारणारी नव्हती, हे मला चांगलं माहीत होतं... आणि मी त्याचाच फायदा घेतला. दुसरा शब्द नाही याला.

गेल्या आठवड्यात प्रशांतने दुकान आवरायला घेतलं. "मावशी, याल का? मला कुठली वस्तू काय आहे तेच कळत नाही." मी गेले. पार्टिशनमागे तिचं टेबल होतं, वॉशरचे डबे होते, चष्मा होता. आम्ही दोघं कशालाच हात न लावता बसून राहिलो होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "बाई हायत काय?" खाडीकाठचा एक म्हातारा होडीवाला, जनूभाऊ. काखेत सर्चलाइट. बाई गेल्या म्हणून प्रशांतने सांगितलं, तसा तो पायरीवरच बसला. दिवा मांडीवर घेऊन म्हणाला, "मना कोनी सांगला नाय."

प्रशांतने त्याला पाणी दिलं. मी विचारलं, "हा दिवा कोणी केला होता, जनूभाऊ?"

"बाईनं. आनि कोन करनार? शेठला दिसत कुठं होतं? आमच्या सगल्या होड्यांचे दिवे बाईचे." तो इतक्या सहज म्हणाला, की मला मान वर करवेना. म्हणजे खाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त वाचणाऱ्यांना.

मग त्याची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. तिथे माझा लेख फ्रेम करून लावलेला आहे, वर दिनकररावांचा फोटो. "त्यात काय लिवलंय? बाईचं हाय काय?" त्याने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. मी फ्रेम उतरवली, पदराने पुसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. बोटांना दिसणारा उजेड, सावलीसारखी साथ, सगळं. माझंच लिहिलेलं मला इतकं लांबलचक कधी वाटलं नव्हतं.

जनूभाऊने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ह्ये कोनी लिवलंय? त्याला दिसत नव्हतं काय?"

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

तो ओशाळला नाही, सावरासावर केली नाही. माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "मंग परत लिवा."