हनुवटीवरचा तीळ

थेरगावात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. सात वर्षांपूर्वी तिथे जे घडलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच असतं तर म्हणाले असते, मला सांगितलं तेवढं केलं. ते खरं नाही.

चऱ्होलीतल्या एका घरची सून तापाने गेली. मागे दीड वर्षाची मुलगी. सहा महिन्यांनी ठरलं, सुनेच्या धाकट्या बहिणीनेच त्या घरी लग्न करून जायचं. थोरलीला लग्नात मीच नटवलं होतं, म्हणून लग्नाच्या दिवशी धाकटीलाही माझ्याकडे आणलं. सोबत सासू, आणि सासूच्या हातात थोरलीचा मेकअपचा डबा.

"पोरगी भिंतीवरल्या लग्नाच्या फोटोलाच आई म्हनती," सासू म्हणाली. "दुसऱ्या कुनाजवळ जात न्हाई, जेवत न्हाई. हिला फोटोतल्यावानी करा, बाई."

धाकटी चाकणला कंपनीत लाइनवर कामाला होती. तिने पर्समधून स्वतःची तपकिरी लिपस्टिक काढली. "मॅडम, एवढी तरी माझी लावाल?"

मी आरशातून सासूकडे पाहिलं. सासूने नकाराची मान हलवली. मी लिपस्टिक परत पर्समध्ये टाकली.

डब्यात आयशॅडोचे बारा रंग होते. त्यातला सोनेरी तेवढा तळाचा पत्रा दिसेपर्यंत झिजला होता, बाकीच्यांना बोटही लागलेलं नव्हतं. थोरली डावखुरी; तिच्या लिपस्टिकचं टोक भलत्याच बाजूने तिरकं झालं होतं. ब्रश झटकला तर गुलाबी भुकटी उडाली आणि धाकटी शिंकली.

"ताईच्या पावडरीने मला नेहमीच शिंक यायची," ती म्हणाली.

फोनवर जुना फोटो लावून मी कामाला लागले. रंग एक छटा उजळ घेतला, भुवया उंच केल्या, पापण्यांवर तो सोनेरी रंग चढवला. तासाभराने आरशात थोरली बसली होती. तिने पापण्या मिटून उघडल्या. मला भीती वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त अभिमान वाटला. एकच उणीव होती. फोटोत थोरलीच्या हनुवटीवर तीळ होता. मी काजळाची पेन्सिल टोकदार केली आणि तो दिला. सासूने सांगितलं नव्हतं. तिच्या तर लक्षातही नव्हतं.

"हे पुसा ना, मॅडम," धाकटी म्हणाली.

"राहू दे गं. छान दिसतंय."

बाहेर रिक्षात आजोबांजवळ रडणाऱ्या मुलीला सासूने आत आणलं. मुलगी गप्प झाली. खुर्चीतलीकडे पाहिलं, आरशातलीकडे पाहिलं, मग मांडीवर चढून तिने नेमकं तिळावर बोट ठेवलं. "आई."

सासू पदरात तोंड घालून रडायला लागली. "तुमच्या हाताला यश हाय, बाई." धाकटीने मुलीला जवळ घेतलं नाही. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच राहिले.

गेल्या महिन्यात धाकटी भुवया करायला आली. तोंड स्वच्छ धुतलेलं, आणि हनुवटीवर तीळ. मी त्यावर ओला कापूस फिरवला. निघेना.

"गोंदवलाय," ती म्हणाली. "रोज पेन्सिलने द्यायचे. एकदा विसरले तर पोरगी दोन दिवस जेवली नाही, मला खोलीत येऊ देईना."

"आता मोठी झाली असेल की. तिला कळत असेल."

"कळतं ना. आता मला मावशी म्हणते. म्हणते, मावशी, घालव तो."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "तो तीळ मला कुणी सांगितला नव्हता. मी माझ्याच मनाने दिला."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मग मी पुसा म्हणत होते, तेव्हा पुसायचा होता की."

मी भुवयांचा दोरा हातात घेतला. तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"बारीक करू नका भुवया," ती म्हणाली. "ताईसारख्याच ठेवा."