तीन तास चाळीस मिनिटांची मोटार

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस गोदावरीच्या या काठावर दुसरा नाही, आणि पलीकडच्या काठावर असलाच तर त्याने अजून व्हिडिओ टाकायला सुरुवात केलेली नाही. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. मोटार भरणं म्हणजे शेतातल्या पंपाची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची. तीस वर्षं हेच करून झाल्यावर दाजींच्या मनाने घेतलं की हे काम इंटरनेटवर सगळ्या जगाला दाखवायचं. फुकट, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत. यातल्या 'शेवटपर्यंत'वर त्यांचा जोर होता, हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्यांचा पहिला व्हिडिओ तीन तास चाळीस मिनिटांचा आहे. उपड्या डब्यावर दोन विटा आणि विटांच्या फटीत मोबाईल, एवढाच सरंजाम. विटा एकदा लावल्या की मोबाईल हलवायचा नाही आणि चित्रण कापायचं नाही, हे दाजींचे दोन नियम. त्यामुळे त्या व्हिडिओत मोटारीबरोबर बाकीचंही बरंच काही आहे. पाऊण तासाने आमच्या मेहुणीबाईंचा आवाज येतो, "जेवायला येता का झाकून ठेवू?" मग दाजी उठून जातात आणि पंचवीस मिनिटं आपण एका रिकाम्या स्टुलाकडे बघत बसतो. पुढे कारखान्याचा भोंगा होतो. त्यानंतर लाइट जाते, पडदा काळाकुट्ट होतो आणि अंधारातून दाजी म्हणतात, "लाइट गेली. थांबा." बघणारा बिचारा थांबतो. मी म्हटलं, "दाजी, निदान हा अंधार तरी काढा." ते म्हणाले, "का म्हणून? लाइट गेल्यावर हातातली तार न सोडता कसं बसायचं, हे बी कामच हाय."

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने दाजींना माणसात आणायचा खूप प्रयत्न केला. साठ सेकंदांचा व्हिडिओ करा, मागे गाणं लावा, लोकांना दम नसतो, वगैरे. दाजी शांतपणे म्हणाले, "साठ सेकंदात मोटार जळती, बाळा. भरत नाय." व्हिडिओच्या वरती लावायच्या चित्रासाठी तिने त्यांना तोंड उघडून नवल वाटल्यासारखा फोटो काढायला सांगितलं. दाजींनी तोंड उघडलं नाही. "तीस वर्षं झाली मोटार बघतोय, मला कशाचं नवल वाटंल?" शेवटी रेशनकार्डासाठी काढलेला फोटोच तिथे गेला. व्हिडिओचं नाव त्यांनी दिलं 'मोटार'. पुढच्या व्हिडिओचं नाव 'दुसरी मोटार'. तिसऱ्याचं, 'पहिल्या मोटारीत राहिलेलं'.

चितेगावात त्यांच्या दुकानात नेट जेमतेम येतं. म्हणून दर रविवारी सकाळच्या एसटीने दाजी मोबाईल घेऊन शहरात आमच्या घरी हजर. वायफायच्या डबीसमोर पाट मांडल्यासारखा मोबाईल ठेवायचा आणि व्हिडिओ चढेपर्यंत घरात दुसऱ्या कोणी नेट वापरायचं नाही. मुलीचं काम बंद, बायकोची मालिका बंद, मी तर असून नसल्यासारखाच. दाजी खुर्ची ओढून टक्के बघत बसायचे आणि मधूनमधून घराला बातमी द्यायचे, "अठरा." जेवताना, "एकेचाळीस." एकदा एक्क्याण्णव टक्क्यांवर वीज गेली. आम्ही सगळे हळहळलो. दाजींनी मोबाईल खिशात घातला, "पुढल्या रविवारी," म्हणाले आणि बसस्टँडकडे निघाले. लांब व्हिडिओसाठी त्या वेबसाइटच्या कंपनीला आधी खात्याची खातरजमा लागते, त्यासाठी पहिल्याच रविवारी पडद्यावर चित्रांच्या चौकटी आल्या आणि रस्त्यावरचा सिग्नल असलेल्या ओळखायला सांगितलं. दाजींनी चष्मा लावून मला विचारलं, "पाव्हणं, ह्यातला एक बंद दिसतोय. धरायचा का?"

या सगळ्या हट्टाला एक कारण होतं. तरुणपणी दाजी शहरात शहागंजच्या बाजूला एका उस्तादांकडे अकरा वर्षं कामाला होते. उस्ताद सगळं शिकवायचे, फक्त तारांची शेवटची जोडणी करायची वेळ आली की दाजींकडे पाठ करून बसायचे. ती जोडणी हेच धंद्याचं गुपित. दाजी ती शिकले ते भंगारातून जळक्या मोटारी आणून, घरी एकेक तार उकलून. "अकरा वर्षं मी पाठ बघितली," ते म्हणायचे, "आता माझी पाठ कोणी बघायची नाय." म्हणून त्यांच्या व्हिडिओत ती जोडणी अगदी जवळून, सावकाश आणि दोनदा दिसते.

आणि तिथेच ठिणगी पडली. एका रविवारी व्हिडिओ बासष्ट टक्क्यांवर असताना पैठण रस्त्यावरचे पाच मोटार भरणारे आमच्या दारात उभे राहिले. त्यातला बोटात अंगठी असलेला म्हणाला, "दाजी, तुम्ही मोठे. पण ते शेवटचं, जोडणीचं, तेवढं काढून टाका. उद्या जो तो घरीच मोटार भरंल. आम्ही काय करायचं?"

"काढायचं म्हंजे कापायचं ना?" दाजी मोबाईलवरची नजर न हलवता म्हणाले. "ते आपल्याला येत नाय."

"आमचा पोरगा कापून देईल."

"त्याला जोडायला शिकवा आधी. कापायला काय, उंदराला बी येतं."

"तुम्हाला धंद्यात राहायचं नाय का?"

"धंदा हाताचा असतो. लपवून टिकतो तो धंदा कसला? बसा, चहा घ्या. चौसष्ट झाले."

पाचांपैकी एकाचा हात सहज म्हणून वायफायच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून आली आणि डबीसमोर उभी राहिली. "मी सकाळपासून मालिका सोडून बसलेय," ती म्हणाली. "आता हे शंभर झाल्याशिवाय कोणाला बंद करू देणार नाही." पाचही जण चहा न घेता गेले.

मग त्या पाचांच्या सांगण्यावरून दाजींना कोणी तार देईना. दाजी एसटीने जालन्याला जाऊन तार आणू लागले. सोयगावकडचा एक शेतकरी, "तुमचं बघून घरी केलं," म्हणत पोत्यात मोटार घेऊन आला. आत तारेचं घरटं झालं होतं. दाजींनी त्याला शेजारी बसवून ती पुन्हा भरायला लावली आणि त्याचाही पाच तासांचा व्हिडिओ केला. तो आमच्याकडे दोन रविवार चढत होता.

पण एका रविवारी दाजी आलेच नाहीत. फोन आला, आवाज पार उतरलेला. "पाव्हणं, उस्ताद आलेत दुकानात. तुम्ही या." पाच जणांना न घाबरलेला माणूस एका म्हाताऱ्याला घाबरला होता. मी गेलो, तेव्हा पांढऱ्या टोपीतले, ऐंशीच्या घरातले उस्ताद स्टुलावर बसले होते आणि दाजी समोर उभे होते.

"पूरा देखा मैं," उस्ताद म्हणाले. "पोती ने दिखाया. तीन दिन लगे. बीच में तू खाना खाने कू गया, तब तक मैं भी खा लिया." दाजी हसले नाहीत. "लेकिन जोड गलत है तेरा. मोटर चलती, गरम होती. ग्यारा साल सामने बैठा, पूछा कायकू नहीं?"

"पूछा था, उस्ताद. तुम बोले, चाय ला."

उस्तादांनी स्टूल मोटारीजवळ ओढलं. मग म्हणाले, "कॅमेरा लगा."

दाजींनी विटा लावल्या. उस्तादांनी तार बसवली, वेढे मोजले आणि जोडणीची वेळ आली तशी हळूच वळून मोबाईलकडे पाठ केली. दाजींचा चेहरा लाल झाला. "उस्ताद, अब भी?" म्हणत त्यांनी विटांमधून मोबाईल उपसला आणि वळसा घालून ते उस्तादांच्या समोर गेले. आणि थांबले.

"क्या छुपाऊँ अब?" उस्ताद म्हणाले. "हाथ देख मेरे."

दोन्ही हात थरथरत होते. तारेचं टोक तारेला लागत नव्हतं. दाजींनी मोबाईल बंद केला, खाली बसले आणि तार स्वतःच्या हातात घेतली. उस्ताद सांगत गेले, "उल्टा नहीं, नीचे से ला... हौ, ऐसाच," आणि दाजी जोडत गेले. जोडणी एकदा पुरी झाल्यावर त्यांनी ती पुन्हा उकलली, मोबाईल माझ्या हातात दिला आणि तेवढंच पुन्हा चित्रित करून घेतलं. त्यात फक्त दाजींचे हात दिसतात आणि उस्तादांचा आवाज ऐकू येतो.

संध्याकाळी दाजी माझ्याबरोबरच आमच्या घरी आले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "बाळा, कापायचं कसं असतं, दाखव." तिने थरथरत्या हातांचा भाग काढला आणि तिथे हा जोडला. कुठे जोडलंय ते ओळखू येत नाही. व्हिडिओच्या नावात पहिल्यांदाच 'मोटार' हा शब्द नाही. नुसतं उस्तादांचं नाव आहे.

फार लोकांनी तो पाहिलेला नाही. एकाने मात्र खाली लिहिलंय, 'या वयातही उस्तादांचे हात किती स्थिर!' दाजी एरवी प्रत्येकाला उत्तर लिहितात, शिव्या देणाऱ्यालाही. याला त्यांनी काही लिहिलेलं नाही. परवा मी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू द्या तसंच. उस्ताद ते रोज नातीकडून वाचून घेतात म्हणं."